सत्तावीस नंबरची सीट

मृत्यूच्या नोंदीचा जो छापील अर्ज असतो, त्यात ‘मृत्यूचे ठिकाण’ असा एक रकाना आहे. रकाना दीड इंच रुंद आहे. माझ्या वडिलांना त्यात बसवायला मला साडेपाच महिने लागले.

ते १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, सोमवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास वारले. चोपड्याहून जळगावला येणाऱ्या एस.टी.त, खिडकीजवळच्या सत्तावीस नंबरच्या सीटवर. पुढे केळीचा एक ट्रक पंक्चर झाला होता, त्यामुळे बस तापीच्या पुलावर मधोमध उभी होती. ही माहिती मी इतक्या टेबलांवर दिली आहे की आता सांगताना आवाज कापत नाही.

असोद्यात त्यांना उखर्डू गुरुजी म्हणत. मी नाना म्हणे. गावातल्या शाळेत ते चौतीस वर्षे होते. भूगोल शिकवायचे, आणि दरवर्षी जूनमध्ये नवी पोरे दाखल करून घ्यायचे. सातही समुद्र त्यांना तोंडपाठ होते. पाहिला एकही नव्हता.

मरताना त्यांनी मागे ठेवले ते असे: पृथ्वीचा एक गोल, एकोणीस नकाशे, चारशे बारा पुस्तके आणि हे सगळे शाळेला द्यावे अशी चिठ्ठी. शाळेने एक खोलीही राखून ठेवली होती. पण मुख्याध्यापिका सुनंदाबाई नियमाच्या पक्क्या.

“जिवंत माणसाची वस्तू घ्यायची तर त्याची सही लागते,” त्या म्हणाल्या, “आणि गेलेल्याची घ्यायची तर मृत्यूचा दाखला. गुरुजींकडून सध्या दोन्ही येत नाहीयेत.”

“दाखला आणते.”

“एकतीस मार्चच्या आत आणा. नाहीतर खोली मोडक्या बाकांना द्यावी, असं वरून पत्र आलंय.”

एकतीस मार्च खूप लांब आहे, असे मला तेव्हा वाटले होते.

त्या दिवशी नाना चोपड्याला गेले होते ते कोलंबसासाठी. कोलंबस अमेरिकेला पोचला त्याला बरोबर पाचशे वर्षे झाली, म्हणून तिथल्या एका शाळेने त्यांचे भाषण ठेवले होते. हे भाषण मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते नेहमी एकाच वाक्याने सुरू होई: “मुलांनो, हा माणूस आपल्याकडे यायला निघाला होता. वाटेत अमेरिका आडवी आली, आणि ती त्याने मरेपर्यंत मान्य केली नाही.”

कोलंबस हा विणकराचा मुलगा. पश्चिमेकडून पूर्वेला जाण्याची त्याची योजना स्पेनच्या राणीने तज्ज्ञांच्या समितीकडे पाठवली. समितीने काही वर्षे विचार करून ती नामंजूर केली. इथे नाना थांबत आणि म्हणत, “समिती बरोबर होती. पृथ्वी त्याला वाटली त्यापेक्षा बरीच मोठी निघाली. तो चुकला होता म्हणून पोचला.” मग पोपने समुद्रावर रेघ ओढली, रेघेच्या एका बाजूचे स्पेनचे आणि दुसऱ्या बाजूचे पोर्तुगालचे. पाण्यावर रेघ कशी टिकते, असे एखादे पोर विचारी. नाना म्हणत, “कागदावर.”

पण नानांचा खरा जीव होता तो दुसऱ्या सफरीवर. क्यूबाच्या किनाऱ्याने कोलंबस आठवडेच्या आठवडे गेला, आणि टोक यायच्या आत कंटाळला. बरोबर एक सरकारी लेखनिक होता. त्याने जहाजाजहाजांवर फिरून खलाशांकडून शपथेवर वदवून घेतले की, ही जमीन बेट नसून आशियाचा मुख्य भूभाग आहे. मागाहून जो शब्द फिरवेल त्याला दंड, शिवाय जीभ छाटणार.

“समुद्रावरचा पहिला पंचनामा!” असे म्हणून नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. “पंच भरपूर, सह्या व्यवस्थित. फक्त क्यूबाला त्याची प्रत कोणी दिली नाही, म्हणून ती बेटच राहिली.”

हे सांगून ते बसमध्ये बसले होते.

पहिल्यांदा मी दक्षिण काठाच्या ग्रामसेवकांकडे गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“पूल बांधकाम खात्याचा. खालचं पाणी पाटबंधाऱ्याचं. बस महामंडळाची. यात ग्रामपंचायतीचं काय आहे, सांगा.”

“माणूस.”

“माणूस तर असोद्याचा.” त्यांनी अर्ज परत केला. “तुम्ही पलीकडे जा.”

उत्तर काठाच्या ग्रामसेवकांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारले, “पलीकडे जाऊन आलात का?” तेव्हा माझ्या लक्षात आले की या नदीला दोन्ही बाजूंनी पलीकडचाच काठ आहे.

“बसचं तोंड जळगावकडं होतं ना?” ते म्हणाले. “मग पुढची चाकं त्यांच्यात.”

“नानांची सीट बसच्या मध्यावर होती.”

“मग मोजावं लागेल.”

मोजायला जानेवारी उजाडला. दोन्ही ग्रामसेवक, एक टेप, एक खडू, कंडक्टर नासीर शेख आणि नानांच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या ताईबाई असे सगळे पुलावर जमले. नासीरने कठड्याचा एक फुटका खांब दाखवला. “आपला दरवाजा या खांबासमोर होता. मी खाली उतरून इथंच उभा होतो.” दरवाजापासून सत्तावीस नंबरपर्यंतचे अंतर टेपने घेतले आणि डांबरावर खडूने चौकोन काढला. ट्रकवाले हॉर्न वाजवत चौकोनाला वळसा घालून जाऊ लागले. ताईबाई चौकोनाच्या बाहेर, त्या दिवशी बसल्या होत्या त्या बाजूला, आपणहून उभ्या राहिल्या.

“गुरुजी आठेच गयात,” त्या म्हणाल्या. “मन्हा डोयासमोर. आखो काय मोजतस?”

गुरुजी इथेच गेले, या त्यांच्या सांगण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. हद्द म्हणजे वाहत्या धारेचा मध्य, असे कागदात होते. ऑक्टोबरात धार रुंद होती, तेव्हा मध्य या चौकोनातून जात असावा, असे दोघांनी मान्य केले. पण जानेवारीत पाणी उतरून धार उत्तर काठाला चिकटली होती. तिच्याबरोबर हद्दही उत्तरेला सरकली, आणि नाना आख्खे दक्षिणेत आले.

उत्तरेच्या ग्रामसेवकांनी मला नमस्कार केला आणि सायकलला टांग मारली.

दक्षिणेच्या ग्रामसेवकांनी मात्र लेखी हरकत नोंदवली: सदर मयत इसम मृत्यूसमयी आमच्या हद्दीत पूर्णतः नव्हते. ते मृत्यूनंतर आलेले दिसतात. मृत्यूनंतर स्थलांतर केलेल्या इसमाची नोंद घेण्याची तरतूद नाही.

कोलंबसाचेही असेच झाले होते. मेल्यावर त्याची हाडे समुद्रापलीकडे गेली आणि तिथून परत आली. आज दोन देश छातीठोकपणे सांगतात की तो आमच्याकडेच पुरला आहे. नानांच्या बाबतीत दोन गावे सांगत होती की ते आमच्याकडे मेलेलेच नाहीत.

फेब्रुवारीत मी तालुक्याला कौतिकभाऊंकडे गेले. ते तिथे लिपिक होते आणि नानांचे विद्यार्थी होते. त्यांनी नियमाचे पुस्तक काढले.

“अक्का, तरतूद आहे. चालत्या वाहनात मनुष्य गेला, तर वाहन पहिल्यांदा जिथं थांबेल तिथं नोंद.” मग ते थांबले. “पण बस उभी होती म्हणता.”

“ट्रक पंक्चर होता.”

“मग नाही लागू. बस आधीच थांबलेली.”

“नंतर सुरू झाली. मग जिथं थांबली तिथं धरा.”

“तोवर गुरुजी वारले होते. मयत माणूस प्रवासात धरत नाहीत.” त्यांनी पुस्तक मिटले आणि आवाज खाली आणला. “तुम्ही एक करा. घरी गेले असं लिहून द्या. असोदा, राहत्या घरी, अंथरुणावर. पाच पंचांच्या सह्या आणा. दाखला दुसऱ्या दिवशी.”

“पण ते घरी गेले नाहीत.”

“अक्का, लोक घरीच जातात. कागदावर तरी.”

मी उठून आले. मला भांडायचे नव्हते. पण आयुष्यभर समुद्र शिकवलेला माणूस शेवटी एकदाचा पाण्यावर गेला होता, एवढी एकच गोष्ट त्याच्या खात्यावर होती. तीही खोडून त्याला गोधडीत झोपवायचे माझ्या हातून होत नव्हते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सुनंदाबाईंचा निरोप आला: बाके ट्रॉलीतून आली आहेत, पटांगणात ठेवली आहेत, पोरे त्यांवर नाचत आहेत, लवकर काय ते कळवावे. त्या संध्याकाळी मी नानांच्या गोलावरची धूळ पुसली. क्यूबावर त्यांनी लाल शाईने एक बारीक टिंब दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी पाच पंच गोळा केले: आमचे शेजारी छगनआबा आणि वना नाना, ते ज्यांना बरोबर घेऊन आले ते पुना अप्पा, आणि मीच बोलावलेले दोघे, नासीर व ताईबाई. माझे वडील नदीवर गेले हे या जगात ज्यांना डोळ्यांनी ठाऊक होते, ते हे दोघे. खोटेच लिहायचे, तर निदान खरे माहीत असलेल्यांकडून लिहून घ्यावे, असे मला वाटले.

तालुक्याच्या कचेरीत कौतिकभाऊंनी कागद आमच्याकडे फिरवला. सहीच्या जागी पेन्सिलने फुल्या केल्या होत्या.

“वाचत बसू नका. फुली दिसते तिथं सही.”

छगनआबांनी सही ठोकली आणि मग विचारले, “काय लिव्हेल आहे?”

नासीरने पेन उचलून परत ठेवले. “ताई, मी गुरुजींना पाच मिनिटं ओळखलं. त्यातली चार ते पाण्याकडं बघत होते. मला म्हणले, ‘कंडक्टर, हे पाणी सुरतेपाशी समुद्राला लागतं. आपल्याआधी पोचेल बघा.’ मी म्हटलं, बसा निवांत, ट्रक हलतोय. वळून बघतो तर...” त्याने माझ्याकडे पाहिले. “अंथरुणावर लिहू?”

“लिही,” मी म्हणाले.

ताईबाईंनी अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली. “तू सांगस म्हनीसन देस, बाई,” त्या म्हणाल्या. “नदीले कोन इचारस?”

“आता शब्द फिरवायचा नाही हं,” कौतिकभाऊ शिक्का मारता मारता म्हणाले. “खोट्या प्रतिज्ञापत्राला शिक्षा आहे.”

जिभेबद्दल ते काही बोलले नाहीत. दिवस सुधारले आहेत.

दाखला मिळाला. एकतीस मार्चला दुपारी पुस्तके खोलीत लागली, बाके व्हरांड्यात गेली. छोटा कार्यक्रम झाला. सुनंदाबाई भाषणात म्हणाल्या की गुरुजींनी आयुष्यात एकही खोटी नोंद केली नाही, आणि पुरावा म्हणून त्यांनी नानांच्या अक्षरातले शाळेचे जुने जनरल रजिस्टर टेबलावर उघडून ठेवले.

लोक पेढे खात होते, तेव्हा मी ते चाळले. शाईच्या सुंदर, वळणदार अक्षरांत पोरांची नावे, आणि समोर जन्मतारीख. १ जून. १ जून. १ जून. चौतीस वर्षांत अर्धा असोदा एकाच दिवशी जन्मला होता. जूनमध्ये शाळा उघडते, पोराच्या जन्माचा दिवस आईला आठवतो तो कापूस वेचायच्या हिशोबाने, आणि सहा वर्षे पूर्ण असल्याशिवाय शाळेत प्रवेश मिळत नाही. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघत, आणि रकाना भरत. कौतिकभाऊ: १ जून. छगनआबांचे दोन्ही मुलगे, एकाच वर्षी: १ जून.

आणखी थोडी पाने उलटली तेव्हा मी सापडले. माझी आई सांगे की मी पावसाळा सरताना, भुलाबाईच्या दिवसांत झाले, बायका टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत होत्या आणि नाना खिरापत ओळखायला बसले होते. त्याच नानांनी लिहिले होते: १ जून.

इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लोकांना वाटले, गुरुजींच्या आठवणीने. ते खरेच होते, तसेच राहू दिले.

तेव्हा ही हकीगत वाचून ज्यांना कौतिकभाऊंचा राग आला असेल, पंचांची कीव आली असेल किंवा माझी लाज वाटली असेल, त्यांनी आधी कपाटातला शाळा सोडल्याचा दाखला काढून तारीख बघावी, आणि तिच्यावर आजवर कुठे कुठे शपथेवर सही केली ते आठवावे. तारीख १ जून नसेल, तर माझ्याविरुद्ध तक्रार करायला हरकत नाही. अर्ज तयार आहे. वाचत बसू नका. फुली केली आहे तिथे सही करा.