सर्व्हरला मिरजेला हलवले

लालासाहेबांच्या घरचा सर्व्हर अत्यवस्थ झाला तेव्हा त्यांच्या लेकीचं, शिवांजलीचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. कुणाला कितवा फेटा बांधायचा, हे त्या सर्व्हरशिवाय जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

सर्व्हर हे यंत्र एरवी कारखान्यात किंवा बँकेत असतं. खडकजाईच्या वाडीत ते लालासाहेबांच्या माजघरात होतं. एका साखर कारखान्यानं जुनं सामान लिलावात काढलं, तेव्हा दूध संस्थेचे चेअरमन लालासाहेब तिथं पाण्याची मोटर घ्यायला गेले आणि सर्व्हर घेऊन परत आले. त्याला टीव्हीसारखे दोन पडदे जोडले. एक सोप्यात पुरुषांसाठी, एक स्वयंपाकघरात बायकांसाठी. यंत्राला उकाडा सोसत नाही असं कळल्यावर माजघराला थंड हवेची पेटीही बसली. मे महिन्यात घरची माणसं अंगणात भाजून निघत आणि सर्व्हर आत गारव्याला पडून असे.

हा खर्च हौसेपोटी नव्हता. दहा-अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या, शंभूराजच्या लग्नात मानपानात काहीतरी चुकलं आणि लालासाहेबांची एकुलती एक बहीण रंगूबाई रुसली. जतकडं दिलेली ही बहीण तेव्हापासून माहेरी आली नाही. ना दिवाळीला, ना जत्रेला. लालासाहेबांनी चौकशी केली तेव्हा निष्कर्ष निघाला तो असा, की नऊवारीच्या जागी तिला सहावारी गेली. लालासाहेब बहिणीवर जीव टाकणारे होते. भाऊबीजेला ते दिवसभर शेतात जाऊन बसत, कारण घरात बसवत नसे. अशी चूक या घरात पुन्हा होणे नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ती जबाबदारी माणसांकडून काढून यंत्राकडं सोपवली.

कराडला कॉम्प्युटरचे क्लास चालवणारे सौमित्र सर मूळचे वाईचे, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी अख्ख्या भावकीचा मानपान सर्व्हरमध्ये भरला. फेट्याचे मानकरी कोण, टोपीचे कोण, नुसत्या टॉवेलवर भागणारे कोण. पत्रिकेत निमंत्रक कोण आणि व्यवस्थापक कोण. कोण कुठल्या लग्नात कशावरून रुसला आणि काय दिल्यावर जेवायला बसला. काम पुरं झालं तेव्हा तीन पिढ्यांच्या जुन्या वह्यांना हळदकुंकू वाहून कराडच्या संगमावर त्यांचं विसर्जन करण्यात आलं. भटजी रीतीप्रमाणे 'पुनरागमनाय च' म्हणाले. वह्यांनी ते मनावर घेतलं नाही.

आणि आता सर्व्हरच्या पोटातून कटकट आवाज येत होता. दोन्ही पडदे काळे पडले होते.

सौमित्र सरांनी पेटीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आतली सुई तबकडीला घासतेय. चालू ठेवला तर उरलंसुरलंही खरवडून निघेल. हरकत नाही, फ्लॉपीवर दुसरी प्रत घेतली होती ना आपण? ती कुठं आहे?"

"देव्हाऱ्यात," लालासाहेब अभिमानानं म्हणाले. "घरात त्याहून जपून ठेवायची जागा न्हाई."

फ्लॉप्या देव्हाऱ्यातच होत्या. खंडोबाच्या टाकाशेजारी, ओळीनं, प्रत्येकीवर गंध. सरांनी एक उचलली तर तिच्यातून दुधाचा ओघळ आला.

"मनुबाई, यांना पाणी लागलं?"

"पानी न्हवं, दही-दूध-मध," मनुबाई म्हणाल्या. लालासाहेबांच्या या पत्नी व्रतवैकल्यात कुणाला हार न जाणाऱ्या होत्या. "आवं, देव्हाऱ्यात बसल्यावर आंघुळ नगं व्हय? बाकीच्या देवास्नी घालायची आन् ह्यांस्नी पारुसं ठिवायचं?"

सरांनी फ्लॉपी पुसून पुन्हा ओळीत ठेवली.

सरांनी मग अखेरचा उपाय सांगितला. त्यांच्याकडं तसाच एक दुसरा बंद पडलेला सर्व्हर होता. त्याची सुई काढून याला बसवायची. मात्र तबकडी उघडताना धुळीचा कणही आत जाता कामा नये. तशी खोली हवी, गार आणि निर्जंतुक.

या मुलखात दुखणं हाताबाहेर गेलं की एकच वाक्य बोललं जातं. लालासाहेब ते बोलले. "मिरजेला न्या."

ही गोष्ट भावकीला कळू द्यायची नव्हती. मानपानाची नोंद पुसली गेलीय असं समजलं असतं, तर ज्याचा आजा लग्नात बैलं बांधत होता तोही पहिल्या फेट्यावर हक्क सांगायला आला असता. म्हणून पहाटे सर्व्हरला गोधडीत गुंडाळलं आणि धक्के बसू नयेत म्हणून लालासाहेब त्याला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले. मनुबाईंनी वरून टोपडं घातलं. गोधडीतून बाहेर आलेली वायर आत खोचताना त्यांना हुंदका आला. नेमके त्याच वेळी समोरच्या घरातले चुलतभाऊ बाळासो तोंडात मिश्री धरून ओट्यावर उभे होते. बाळासोंनी टोपडं पाहिलं, हुंदका पाहिला आणि पुढचं सगळं स्वतःच जुळवलं.

मिरजेच्या त्या दवाखान्याचे डॉक्टर देवदत्त लालासाहेबांचे जुने स्नेही. दरवर्षी त्यांच्याकडं गुळाची ढेप जात असे. ऑपरेशनची खोली वापरायला द्यायला ते तयार झाले. "फक्त एक आहे, चेअरमन. केसपेपर काढल्याशिवाय आमच्याकडं आत काही जात नाही. परवा मला स्वतःला अडवलं होतं."

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

"सर्व्हर."

"वडिलांचं?"

सौमित्र सरांनी लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेबांनी घसा खाकरला आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"वय?"

"घरी आल्याला तीन वर्सं झाली."

"म्हणजे लहान मुलांचा वॉर्ड. तक्रार?"

"जुनं काही आठवत नाही," सर म्हणाले. "छातीत घरघर. अंग तापतं."

"डोस दिलेत?"

"व्हायरसवरचा दिलाय." सरांना खोटं बोलता येत नसे.

"अवयव बदलायचा लिहिलंय. देणारा हयात की मयत?"

"मयत."

"त्याच्या नातेवाइकांची संमती?"

सरांनी तीही सही केली. सकाळपासून उपाशी आहे का, या प्रश्नाला होकार मिळाल्यावर कारकुनानं शिक्का मारला आणि सर्व्हरच्या मनगटाला बांधायला नावाची पट्टी दिली. ती मनगटाअभावी वायरीला बांधण्यात आली.

तासाभरात वाडी मिरजेत दाखल झाली. भाऊबंदकी कितीही असली तरी पेशंट बघायला जाण्यात आमच्याकडं कुणी कमी पडत नाही. आधी बाळासो आले, मग मोसंब्या आल्या, मग शहाळी, ग्लुकोजची बिस्किटं आणि शेवटी रक्त द्यायला टेम्पो भरून तालमीतली पोरं. लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर सतरंज्या पसरल्या गेल्या. लालासाहेबांना तीन वर्षांचं मूल आहे ही बातमी कुणालाच माहीत नव्हती. पण ते कुठून आणि कसं, हे दवाखान्यात विचारायचं नसतं, एवढी रीत सगळ्यांना होती. बायका मनुबाईंच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि एकमेकींना भुवया उडवून दाखवत होत्या.

"आण्णा, काळजी नगं," बाळासो लालासाहेबांच्या कानात म्हणाले. "जे झालं ते झालं. लेकरू आपलंच हाय. वारसाला माझी हरकत न्हाई."

लालासाहेबांच्या कपाळावरची शीर तटतटली, पण खरं सांगण्याची सोय नव्हती. खरं सांगितलं तर अब्रू वाचत होती आणि पहिला फेटा जात होता. त्यांनी बराच विचार केला आणि अब्रू जाऊ दिली.

दुपार कलताना डॉक्टर देवदत्त तोंडावरचं फडकं काढत बाहेर आले. रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले. रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"शरीर उत्तम आहे," ते म्हणाले. "स्मृती गेली. पूर्ण."

वॉर्डाबाहेर हंबरडा फुटला. तालमीतल्या पोरांनी बाह्या वर केल्या. त्या गोंधळात जिन्यावरून एक बाई धावत येत होती. डोक्यावरचा पदर पडलेला, हातात भाकरीचं गठुडं. रंगूबाई. जतच्या बाजारात कुणाकडून तरी कानावर आलं होतं की लालासाहेबांचं कुणीतरी मिरजेला आणलंय, आणि ती मिळेल त्या एसटीनं निघाली होती.

"दादा! आरं कोन हाय आत?"

सगळ्या वाडीला फसवलं तरी तिला फसवणं लालासाहेबांना जमेना. एवढ्या वर्षांनी ती समोर उभी होती. केस पिकले होते. लालासाहेबांच्या डोळ्यांना धार लागली. "कोन न्हाई गं रंगू. यंत्र हाय. मानपानाचं. तुझ्यागत पुन्ना कुनी रुसू नये म्हनून केल्यालं."

रंगूबाईंनी काचेतून पाहिलं. टेबलावर हिरव्या कापडावर उघडी पेटी, वायरीला नावाची पट्टी, उशाशी टोपडं. त्या हसायला लागल्या. हसता हसता सतरंजीवर बसल्या आणि पाणी मागितलं.

"त्यात माझं काय लिवलं हुतं रं?"

"नऊवारीऐवजी सहावारी गेली म्हनून रुसवा. उपाय, भारी नऊवारी."

"साडी?" त्यांचं हसू थांबलं. "साडी कुनी बघितली, दादा? अजून घडी मोडल्याली न्हाई. तू शंभूच्या लग्नाचं सांगायला गावभर फिरलास आन् सख्ख्या भैनीला पत्रिका पोस्टानं धाडलीस. मी दारात रांगुळी घालून तीन दीस वाट बघितली. पोस्टमन आला."

 लालासाहेबांनी तिचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी. पण बाळासो शेजारीच बसले होते आणि त्यांनी यातलं नेमकं यंत्राचं तेवढंच ऐकलं होतं.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "मानपानाचं समदं पुसलं?"

हंबरडा जागच्या जागी थांबला. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी मोसंबी सोलायला घेतली.

"मग लिवून घ्या, सर," बाळासो म्हणाले. "पहिला फेटा आमचा. माझ्या आज्यापासनं."

सौमित्र सरांनी केसपेपरच्या पाठीमागं लिहायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत स्मृती पूर्णपणे परत आली. आधी होती त्यापेक्षा कितीतरी चांगली. टॉवेलवाल्या घराण्यांचा या मुलखात वंशच उरला नव्हता, टोपीवाले बसल्याजागी निकाली निघाले होते आणि पहिल्या फेट्याचे मानकरी टेम्पोत मावणार नाहीत इतके झाले होते. तालमीतल्या पोरांनी तर जायच्या आधी, रक्त दिलं नसलं तरी दंड उघडा केल्याचा वेगळा मान नोंदवून घेतला.

शिवांजलीचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. मांडवात सगळे मानकरी एका वर्तुळात बसवले, प्रत्येकामागं एक फेटा बांधणारा उभा केला आणि सुट्टीवर आलेल्या हवालदार शंभूराजनी शिट्टी मारली. सगळे फेटे एकदमच पहिले बांधले गेले. त्याआधीचा पत्रिकेचा प्रश्न अवघड होता, पण तोही सौमित्र सरांनी सोडवला. सांगलीच्या छापखान्यातून त्यांनी गोल पत्रिका छापून आणली. चक्राच्या आऱ्यांसारखी कडेनं सगळी नावं, ना कुणी वर, ना कुणी खाली. मधोमध बारीक अक्षरात वधू-वर.

ही पत्रिका मात्र पोस्टानं गेली नाही. लालासाहेब घरोघर स्वतः जायला निघाले. पहिलं दार जतचं. भावकीतल्या तीन-चार घरांनंतर वेळ पुरेना, तेव्हा त्यांनी सर्व्हरमध्ये 'दारात जाऊन आपुलकीने बोलावले' असा नवा रकाना उघडायला सांगितला आणि बाकीच्या दारांवर 'मीच आलो असं समजा' म्हणणारा माणूस मोटारसायकलवर धाडला.

पण रंगूबाईंकडं ते स्वतः गेले. दारात रांगोळी होती. चुलीतल्या राखेइतकीही किंमत नाही मानपानाला, असं त्या चहा देताना दोनदा म्हणाल्या. लालासाहेबांनी भरल्या मनानं पत्रिका हातात दिली. रंगूबाईंनी ती डोळ्यांजवळ धरली, गाडीचं चाक फिरवावं तशी हळूहळू फिरवली, स्वतःचं नाव बरोब्बर माथ्यावर आलं तेव्हा थांबल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "हां. आता वाच, दादा, नवरीचं नाव काय हाय ते."

तुम्ही हसलात, बरं केलंत. आता तुमच्या घरी फ्रिजवर किंवा कपाटात पडलेली शेवटची लग्नपत्रिका आठवा. ती उघडल्या उघडल्या तुम्ही मुहूर्तच वाचला होता, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.