रिजेक्ट करणारे गायधनी काका

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत भाजीवाला आला, की गायधनी काका मेथीची जुडी आधी उलटी धरून झटकायचे, मग उन्हात धरून बघायचे आणि बहुतेक वेळा शांतपणे म्हणायचे, "रिजेक्ट." अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार माल तपासला होता. निवृत्त झाल्यावर माल उरला नाही, म्हणून त्यांनी जग तपासायला घेतलं. शब्दकोडं, जिन्याच्या पायऱ्या, लग्नातली जिलबी, कशालाही ते सहज पास करत नसत.

माझा तेव्हा कॉम्प्युटर क्लास होता. डिजिटल कॅमेरे नुकतेच घरोघरी येऊ लागले होते. काकू जाऊन वर्ष झालं असेल, तेव्हा एके दिवशी काका क्लासमध्ये आले. त्यांना फोटो आणि व्हिडिओ क्लिपा नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी त्यांच्या घरी जाऊन कॉम्प्युटरवर एक फुकटातलं टाकलं. दोन दिवसांनी निरोप आला, रिजेक्ट.

दुसरं टाकलं. तेही रिजेक्ट. तिसरं मी कॉलेज रोडवरच्या एका मित्राकडून सीडीवर आणलं. त्यात फोटोतले लाल झालेले डोळे काळे करता यायचे, फोटोला फुलांची चौकट लावता यायची. काकांनी चष्मा वर करून सगळं पाहिलं आणि विचारलं, की क्लिपा कुठे गेल्या. मी म्हटलं, त्यांचा कप्पा वेगळा. काकांनी हातातल्या वहीत फुली मारली.

"फोटो आणि क्लिपा एकाच रांगेत पाहिजेत. ज्या क्रमाने काढले, त्याच क्रमाने."

क्लिपा होत्या मोजून सात. जरा चिडूनच मी विचारलं, की तेवढ्या सात वेगळ्या राहिल्या तर काय बिघडतं.

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "अरे, या कॅमेऱ्यातले फोटो सगळे हिने काढलेत. त्यामुळे ही एकाही फोटोत नाही."

कॅमेरा मुलीने पाठवला होता. काकूंना त्याची बटणं कधी नीट उमगलीच नाहीत. चुकून व्हिडिओ सुरू व्हायचा आणि आपण फोटोच काढतोय असं समजून त्या बोलत राहायच्या. त्या सात चुका म्हणजे या सात क्लिपा. त्या वेगळ्या कप्प्यात टाकल्या, की सहलीत सगळे दिसायचे, नातवंडं, व्याही, वणीच्या गडावरची माकडंसुद्धा. काकू तेवढ्या बाहेर राहायच्या.

चौथं सॉफ्टवेअर शोधायला मला तीन आठवडे लागले. मंद होतं, दिसायलाही ओबडधोबड. पण त्यात सगळं तारखेनुसार एका ओळीत यायचं. मी वणीची सहल लावली. पायऱ्या, माकडं, प्रसादाचं दुकान असे फोटो एकामागून एक सरकले आणि मध्येच चित्र हललं. पडद्यावर काका कठड्याशी उभे होते, श्वास रोखून, ताठ. आवाज काकूंचा.

"अहो, हसा की जरा. आणि हलू नका."

मी काकांकडे पाहिलं. खुर्चीत ते पाठ सरळ करून बसले होते, हात मांडीवर, नजर समोर. पापणीही लवत नव्हती. अर्धं मिनिट तसंच गेलं. मग स्पीकरमधून काकू म्हणाल्या, "झालं. हला आता."

काकांनी श्वास सोडला आणि हळूच खुर्चीला पाठ टेकली.