बाबांचं एकुलतं एक वाक्य

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी मी पहिल्या अर्ध्या तासावरून अख्ख्या मालिकेची करतो! इतकी वर्षं वर्तमानपत्रात परीक्षणं लिहितोय. एकही मालिका शेवटपर्यंत पाहिलेली नाही आणि एकाही वाचकाला ते कळलेलं नाही.

या वेळी मात्र प्रकरण नाजूक होतं. मालिका कौटुंबिक आणि महासंथ. एका भागात खिडकी उघडायची, पुढच्या भागात ती लावावी की नाही यावर घर विचार करायचं! आणि त्यात आजोबा झाले होते खुद्द माझे सासरे. निवृत्तीनंतरचं पहिलंच काम. भूमिका मुकी, फक्त पाचव्या भागात एक वाक्य. सासूबाई गेल्यापासून घरात जेमतेम बोलणारा हा माणूस त्या वाक्यासाठी महिनाभर आरशापुढे उभा होता.

"पाचवा भाग तरी पुरता बघा," बायको म्हणाली.

"सासरे म्हणून सूट मिळणार नाही!"

"सूट कोण मागतंय? कान द्या, एवढंच."

वाहिनीने तो भाग आम्हा परीक्षकांना आधीच पाठवला होता. माझा नियम कडक : दिवे बंद, पडद्यासमोर माझी खुर्ची, आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. मागे बायको, रिमोट तिच्या हातात. पडद्यावर बाबा टेबलाशी बसलेले. पुढ्यात चहाचे दोन कप. समोरची खुर्ची रिकामी.

आणि बाबा हलेचनात!

मी बघतोय, बाबा कपाकडे बघताहेत. पापणी लवत नाही. कपावरची वाफसुद्धा जागची हलत नाही! एव्हाना बर्फाच्या लादीलाही घाम फुटला असता! 'हा अभिनय नव्हे, समाधी आहे!' असं पुटपुटत मी उठलो आणि तडक आत जाऊन लिहायला बसलो. यापुढे बघायचं उरलंच काय होतं?

परीक्षण तुफान गाजलं. 'इथे एक शब्दही पाप ठरला असता' हे वाक्य तर जो तो उचलू लागला. दुसऱ्या परीक्षकाने त्या स्तब्धतेला शिखर म्हटलं. तिसऱ्याने तिच्यात अख्ख्या समाजाचं मौन शोधून काढलं. दोघांनीही मालिका माझ्या परीक्षणातच पाहिली होती, हे मी धंद्यातला माणूस म्हणून लगेच ओळखलं.

मग बाबा आले. खिशात कात्रणाची घडी.

"छान लिहिलंय हो, जावईबापू. फक्त... माझं वाक्य कसं वाटलं?"

"कुठलं वाक्य?"

बायकोचा चेहरा पडला. "अहो, मला फोन आला म्हणून मी भाग थांबवून बाहेर गेले होते! बोलायचं नाही हा तुमचाच नियम ना? परत आले तर तुम्ही आत लिहीत बसलेले!"

म्हणजे मी रिमोटच्या बटणाला अभिनयाचं प्रशस्तिपत्र दिलं होतं!

धावत जाऊन दिग्दर्शकाला फोन लावला. "अहो, ते आजोबांचं वाक्य..."

"काढलं की! तुमचं परीक्षण वाचून लगेच काढलं. नुसता कप आणि स्तब्धता. संध्याकाळी लागतोय भाग, बघाच तुम्ही!"

बाबांना सांगितलं. ते कात्रणाची घडी उगाच आणखी बारीक करत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्हाला पाठवलेल्या भागात असेल ना ते?"

लावला. या वेळी दिवे कुणी बंद केले नाहीत. पडद्यावरच्या बाबांनी कपावरून नजर उचलली, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घे ना गं, निवतोय."

बस्स, एवढंच. सासूबाई जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर, गार झालेला चहा प्यायच्या.

बायको पदराआड रडत होती.

"पुन्हा लाव," बाबा तिला म्हणाले.

पुन्हा लावला. मग मी कसाबसा म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

"असू द्या. तुमच्या त्या परीक्षणावर मला आणखी दोन मालिका मिळाल्यात."

"वा! भूमिका काय?"

"एकीत बेशुद्ध आहे."

"आणि दुसरीत?"

"भिंतीवरचा फोटो."

दोन्ही मालिका मी आता शेवटपर्यंत पाहतो. बाबा बराच वेळ हलले नाहीत, की आधी मागे वळून बायको जागेवर आहे ना, ते बघून घेतो!