परतीची खोकी

हिंदुरावांची पुतणी हेमा व्यवस्थापन शिकून आली आणि मार्केट यार्डातल्या त्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा काय आलं असेल, तर एक फळा. काकांचा मालवाहतुकीचा धंदा मंदा होता. दोन टेम्पोंपैकी एक विकायचं काकांनी ठरवलं होतं. कोणता, ते आता फळा सांगणार होता.

"काका, गाडी किती पळाली ते सोडा. भरलेली किती पळाली ते बघा," हेमा म्हणाली. भरलेल्या फेरीला हिरवी रेघ, रिकामीला लाल. महिनाअखेरीस ज्याच्या लाल रेघा जास्त, त्याचा टेम्पो विकायचा आणि ड्रायव्हरने घरी बसायचं. कागदावर किती सोपं असतं हो सगळं!

ड्रायव्हर मन्सूरने मनातल्या मनात आपल्या रिकाम्या फेऱ्या मोजल्या. तो किराणा माल घेऊन बुधवार पेठेत जायचा, आणि तिथून मार्केट यार्डात कोण काय पाठवणार, कपाळ? घरी मुलगी सकीना बाळंतपणाला आलेली, आणि फळ्यावर त्याची ओळ लालभडक. दुसरा ड्रायव्हर गेनबा कात्रजकडून येताना भाजी भरून आणायचा, त्यामुळे तो निवांत होता.

एकदा पेठेतले रेडिओवाले श्यामसुंदर दुकानातली रिकामी खोकी बाहेर फेकत होते.

"शेठ, नेऊ का ही?"

"न्या. परत आणू नका म्हणजे झालं."

मन्सूरने टेम्पो गच्च भरला. हिरवी रेघ! मग त्याला चटकच लागली. थोड्याच दिवसांत गोदामात गुळाच्या ढेपा ठेवायला जागा उरली नाही.

"हे काय भंगार मांडलंय? उचला आधी!" हिंदुराव कडाडले.

मन्सूरने मुकाट्याने पोत्यांवर खोकी रचली आणि पेठेत नेली. श्यामसुंदर दारातच हात जोडून उभे होते. खोकी आली तशी परत गेली. येताना टेम्पो पुन्हा भरलेला! तेव्हापासून तीच खोकी टेम्पोतूनच जायची-यायची.

अशात कात्रजकडची भाजी आटली. चहाच्या टपरीवर गेनबा हळूच म्हणाला, "मन्सूरभाई, माझं काय खरं न्हाई आता. लाल रेघा लई झाल्यात."

मन्सूरला चहा गोड लागेना. वर्षानुवर्षं दोघं एका डब्यात जेवलेले. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तोंड पाडून बसू नकोस. निम्मी खोकी तू घे."

महिनाअखेरीस फळा हिरवागार झाला. हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्ल्यात काही वाढलेलं दिसत नव्हतं, पण फळ्याशी वाद कोण घालणार? हिंदुरावांनी पेढे मागवले.

"दोघंही राहा. एकही टेम्पो विकत नाही!"

मन्सूरचा जीव भांड्यात पडला. पण मालकांचं बोलणं संपलं नव्हतं. "उलट घर गहाण टाकून तिसरा टेम्पो घेतोय. उद्या सह्या आहेत."

मन्सूरने हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. खरं बोलावं तर आपण दोघं रस्त्यावर, गप्प बसावं तर मालक रस्त्यावर. त्याने गेनबाकडे पाहिलं. गेनबाने मान खाली घातली आणि हळूच होकारार्थी हलवली.

"मालक," मन्सूर म्हणाला, "तिसऱ्या टेम्पोला पुरतील एवढी खोकी नाहीत हो आपल्याकडे."