दिवस मावळला की बंद होणारं कपाट

"माझं कपाट खोटं बोलणार न्हाय," असं तात्यासाहेबांनी जाहीर केलं, तेव्हाच त्यांच्या बायकोला, पद्मावतीबाईंना, राग आला. याचा अर्थ घरात दुसरं कुणीतरी खोटं बोलतंय असा होत होता. आणि ते कोण, हे राजारामपुरीतल्या मांजरांनासुद्धा माहीत होतं!

त्यांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. पद्मावतीबाईंच्या माहेरी, शिरोळला, वडील अंगणात जाऊन स्वतःचा तळहात बघायचे. रेषा दिसेनाशा झाल्या की ताटं उचलायची. घड्याळ नको, वाद नको. पण तात्यासाहेब ट्यूबलाइटखाली बसून चिवड्याच्या डब्यात हात घालत आणि वर म्हणत, "उजेड हाय की अजून." बाई बोलल्या की भांडण ठरलेलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तात्यासाहेबांना इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला होता. हे भांडण यंत्रच मिटवेल, असं त्यांनी ठरवलं. स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या कपाटाला त्यांनी बाहेरून एक दातेरी कडी बसवली. कडी सरकवायला पावलापावलानं फिरणारी स्टेपर मोटर, मोटरीला हुकूम द्यायला ड्रायव्हरची इवलीशी पाटी आणि खिडकीत उजेड ओळखणारा डोळा. अंधार पडला की कडी बंद, उजेड झाला की उघडी.

मोटर मात्र फिरायला तयार नव्हती. हिवताप भरलेल्या रेडकासारखी नुसती थरथरायची आणि कण्हायची. शेजारचे आकाराम मिस्त्री पंपाच्या जळक्या मोटरींना नवी तार भरून द्यायचे, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. मोटरीच्या चार वायरींतल्या कुठल्या दोघींची जोडी, यावर दोघा पुरुषांनी जेवढी चर्चा केली तेवढी पोरीच्या लग्नात पत्रिका जुळवताना झाली नव्हती. शेवटी जोड्या जुळल्या आणि एका दुपारी कडी सुळकन सरकली. तात्यासाहेबांनी मिस्त्रींना मिठी मारली. चहा अर्थातच पद्मावतीबाईंनी केला.

नेमके त्याच संध्याकाळी पाहुणे येणार होते. लेक भाग्यश्रीचे सासूसासरे, कळंत्रे अक्का आणि त्यांचे यजमान, कुंभोजला बाहुबलीचं दर्शन घेऊन पहिल्यांदाच घरी यायचे होते. अक्का नेमाच्या फार कडक. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. विहीणबाई आपल्या दारातून उपाशी परतल्या, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल, या धास्तीनं पद्मावतीबाईंनी सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. खपली गव्हाची खीर, पोळ्या, दोडक्याची भाजी, आमटी. सगळं झाकून कपाटात ठेवलं आणि त्या साडी बदलायला गेल्या.

तेवढ्यात वळवाचे ढग आले. पाच वाजता आभाळ असं काळं झालं, की खिडकीतल्या डोळ्याला वाटलं, संपला दिवस. कडी खाडकन बंद!

"बघितलंस? चाललं!" तात्यासाहेब ओरडले.

"आणि माझा स्वयंपाक?"

ढग गेले की आपोआप उघडेल, असं त्यांनी समजावलं. ढग गेले. टिपूसही न पडता ऊन लख्ख पडलं. मोटर थरथरली, कण्हली आणि कडी जागची हलली नाही. मघाच्या हिसक्यानं एक वायर निसटली होती, पण कुठली, ते कळेना. तात्यासाहेबांनी ड्रायव्हरवरचा बारका स्क्रू पिळून करंट वाढवला. मोटर जास्तच गुरगुरायला लागली आणि कडी आणखी घट्ट धरून बसली. मिस्त्रींनी पकडीनं ओढून बघितली. व्यर्थ. कडीचे नटबोल्ट काढावेत, तर ते दाराच्या आतल्या बाजूला. निदान शिरा तरी करावा, असं बाईंच्या मनात आलं, तर रवा आणि साखरही आतच.

पाहुणे येऊन पुढच्या सोप्यात बसले. ऊन भिंतीवर चढत चाललं. अक्कांनी दोनदा खिडकीबाहेर बघितलं, तशा पद्मावतीबाई उठून आत गेल्या. आत दोघे पुरुष एका वायरीवरून हमरीतुमरीवर आलेले. मोटर कण्हतेच आहे, कण्हतेच आहे.

"आधी ह्या बयेचं रडणं थांबवा," असं म्हणून बाईंनी रागानं प्लगच उपटला. घर एकदम शांत झालं. त्याच रागात त्यांनी कडीला एक रट्टा दिला. कडी लोण्यातून सुरी जावी तशी सरकली आणि दार उघडलं.

 तात्यासाहेब मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "तेच सांगणार होतो मी. करंट असतोय तोवर ही मोटर जागा धरून बसतीया."

"मग मघापासून काय तोंडात खीर होती व्हय तुमच्या?"

बाईंना उत्तर ऐकायला वेळ नव्हता. पंगत बसली. अक्कांनी खीर दोनदा मागून घेतली, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. पाहुण्यांसमोर मिरवायचं म्हणून तात्यासाहेबांनी जेवण घाईनं उरकलं, निसटलेली वायर शोधून जोडली, प्लग लावला आणि व्याह्यांना कपाटाची सगळी हकिगत सांगितली. प्लग कुणी काढला, तेवढं फक्त गाळलं. अक्का हरखून गेल्या. म्हणाल्या, "आमच्या घरी पण एक करून द्या की हो असलं."

"देऊ की," तात्यासाहेब म्हणाले. "फकस्त अडलं तर प्लग काढायचं डोकं पायजे."

 पद्मावतीबाईंनी सगळ्यांना पुन्हा वाढलं, आग्रह केला, उरलेल्या स्वयंपाकाची भांडी कपाटात ठेवली, खरकटं काढलं, ओटा पुसला. मग स्वतःचं ताट घेऊन त्या कपाटाकडे वळल्या.

खाडकन कडी बसली.

"बघा, बघा! अगदी टायमाला!" तात्यासाहेबांनी टाळी वाजवली. बाहेर खरोखरच दिवस मावळला होता. कपाट पहिल्यांदाच खरं बोललं होतं.

"अगं बाई, पद्माताई, तुमचं जेवण राहिलं की!" अक्का कळवळल्या.

"तिला न्हाय लागत भूक," तात्यासाहेबांनी परस्पर सांगून टाकलं.

पद्मावतीबाईंनी रिकामं ताट हातात धरून प्लगकडे बघितलं. तो काढायला काही अवघड नव्हतं. कपाट लगेच उघडलं असतं. पण मावळलेला सूर्य परत वर आणायचा प्लग कुठे असतो, हे काही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.