घंटेची दोरी

स्टेशनमास्तरांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही गाडी वेळेच्या आधी सोडली नव्हती. उशिरा पुष्कळ सोडल्या, तो भाग वेगळा. निवृत्त झाल्यावर ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवत. बायकोला तर रोजच. असा हा माणूस दोन दिवस मावशीकडे पाहुणा म्हणून गेला आणि तिच्या गावची होड्यांची शर्यत त्यानं अर्धा तास आधी सोडून दिली.

मावशीचं गाव समुद्रकाठचं, शांत. एक धक्का, एक पोस्ट, एक बेकरी आणि दुपारभर मिटलेली दारं. लहानपणीची प्रत्येक सुट्टी मास्तरांनी इथेच काढलेली. त्यामुळे कितीतरी वर्षांनी परत येताना वाटेत त्यांच्या तोंडाला खळ नव्हती.

"धक्क्याच्या टोकाला पितळी घंटा आहे बघ. ती वाजली की शर्यत सुरू. मला एकदा तरी वाजवायची होती गं. पण दोरी ही अशी उंच, खुंटीला गुंडाळलेली. पोस्टमास्तर स्टुलावर चढून सोडवायचे. उड्या मारमारून माझे गुडघे फुटायचे."

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलंत हे," बायको म्हणाली. "गुडघेही दाखवलेत."

मावशीकडे मात्र वेगळीच काळजी होती. तिचे यजमान, म्हणजे मास्तरांचे काका, एकतीस वर्षं या शर्यतीत उतरले आणि एकतीस वेळा शेवटचे आले. आता काका नव्हते. त्यांची होडी मावसभाऊ आणि शेजारचा शिंपी वल्हवत, आणि शेवटचा नंबर त्यांनी इमानेइतबारे राखला होता. लाकूड इतकं वाळलेलं, की फळ्या फुगून फटी बुजाव्यात म्हणून होडी तासभर आधी पाण्यात सोडावी लागे. तरी दोघांपैकी एकाला डब्यानं पाणी उपसत बसावं लागेच. यंदाच्या शर्यतीनंतर ती मोडीत निघणार होती.

"एकदाच पहिली यावी रे," मावशी जेवताना म्हणाली. "ते वल्हं आपल्या दारावर बघायचंय मला. यांची फार इच्छा होती."

जिंकणाऱ्याच्या दारावर वर्षभर एक रंगवलेलं वल्हं टांगत. गेली नऊ वर्षं ते बेकरीच्या दारावरून हललं नव्हतं.

मावशीनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, "शर्यत चारला आहे. तुम्ही साडेतीनलाच जा. गर्दी व्हायच्या आत सूनबाईला घंटा नीट दाखव."

साडेतीनला धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. पाण्यात काकांची होडी तेवढी उभी होती. मावसभाऊ वल्हं धरून पेंगत होता, शिंपी पाणी उपसत होता. बाकीच्या होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या. घंटा तशीच होती, आणि दोरी आज चक्क खाली, मास्तरांच्या हाताशी लोंबत होती.

"अहो, हात नका लावू."

"हात कसला, नुसतं बघतो. किती जड आहे ते."

दोरी जड नव्हती. घंटेचा टोला मात्र डोंगरापर्यंत जाऊन परत आला.

मावसभाऊ दचकून जागा झाला आणि वल्हवायलाच लागला. शिंप्याच्या हातातला डबा पाण्यात गेला. गावात एकामागोमाग एक दारं उघडली. बेकरीवाला भट्टीत पाव तसेच टाकून, पीठभरल्या हातांनी पळत आला आणि एकटाच आपली जड होडी सरळ करायला लागला. त्याचा जोडीदार न्हाव्याकडून अर्धी दाढी करून पोचला. तिसऱ्या होडीला एकच वल्हं सापडलं; ती जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"थांबवा त्यांना!" बायको म्हणाली.

मास्तरांनी सवयीनं खिशातून लाल रुमाल काढला आणि जीव तोडून हलवला. रुळांवर या रुमालानं आख्खी मालगाडी थांबे. इथे लोकांना वाटलं, पाहुण्यांना भलताच जोर चढलाय. मग बायकांनी पदर हलवले, म्हाताऱ्यांनी टोप्या हलवल्या, आणि मावसभावाला उभ्या आयुष्यात कुणी इतकं प्रोत्साहन दिलं नव्हतं. तो सुसाट सुटला.

पाण्यातल्या खडकाला वळसा घालून काकांची होडी पहिली आली. अर्धी पाण्याखाली होती, शिंपी टोपीनं पाणी उपसत होता, पण पहिली आली. काठावर मावशी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत होती. तिच्याकडे बघून गप्प बसावं असं फार वाटलं मास्तरांना. पण छत्तीस वर्षं गप्प बसू देईनात. ते पोस्टमास्तरांपुढे जाऊन उभे राहिले.

"घंटा मी वाजवली. चुकून. शर्यत रद्द करा."

मावशीचे हात जोडलेले तसेच राहिले.

"माझे पाव जळाले," बेकरीवाला म्हणाला.

पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला. "रद्द करता येत नाही. घंटा वाजली की वाजली. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, आम्ही तयार नव्हतो. म्हणून हा नियम करून घेतला." त्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. "तुमच्याच वडिलांनी."

संध्याकाळी बेकरीवाला स्वतःच वल्हं घेऊन आला आणि मावशीच्या दारावर खिळा ठोकून टांगून गेला.

मावशी कितीतरी वेळ वल्ह्याकडे बघत पायरीवर बसली. मास्तर शेजारी बसले. त्यांना अजून चैन नव्हती.

"मावशी, दोरी तेवढी वर असती ना, तर माझ्या हातून हे झालं नसतं."

"ती वर कुणी गुंडाळली, ठाऊक आहे?" मावशी म्हणाली. "तुझ्या काकांनी. तू सहा वर्षांचा होतास. म्हणाले, या पोराच्या हाताला दोरी लागली तर हा एक दिवस भलत्या वेळी शर्यत सोडेल. तेव्हापासून ती वरच."

"मग आज खाली कशी?"

"सकाळी स्टूल घेऊन गेले होते मी," मावशी म्हणाली, आणि पदरानं वल्ह्यावरची धूळ पुसायला उठली.