कोपरे नसलेलं कॉफी टेबल

आमच्या दिवाणखान्यातलं काचेचं टेबल फुटलं तेव्हा बायको म्हणाली, "आता जरा आजकालच्या पद्धतीचं कॉफी टेबल घेऊ या." मी पेपरातून डोकं वर न काढता "घे की" म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढे चारचौघांत माझी जी शोभा झाली तिची सुरुवात या दोन शब्दांपासून झाली.

(काच कशी फुटली हा मुद्दा इथे गौण आहे. बल्ब बदलायला मी टेबलावर चढलो होतो हे खरं, पण ती काच मुळातच कमकुवत होती.)

आधी माझ्या कामाविषयी सांगायला हवं. मी एका विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचा टीव्ही आपोआप पडतो, कुणाचा गालिचा स्वतःहून पेट घेतो, कुणाच्या मोटारीवर उभी भिंत चालून येते. ही माणसं डोळ्यांत पाणी आणून सगळं सांगतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करतो.

आणि करणार नाही तर काय? आमच्या घरात कुठलीही बातमी मला सगळ्यांत शेवटी कळते. मुलाने नोकरी बदलली, तरी मी आपला जुन्या ऑफिसात फोन करून "जरा साहेबांना बोलवा" म्हणत होतो. त्याचं लग्न ठरल्याचं मला समजलं तेव्हा शिंपी माझ्या कोटासाठी खांद्याचं माप घेत होता. "अगं, मला सांगायचं तरी!" असं मी बायकोला म्हटलं, तर ती म्हणाली, "सांगितलं असतं, पण तुम्ही आधी दहा प्रश्न विचारता." तेव्हाच मी ठरवलं की पुढची बातमी आपल्याला सर्वांत आधी कळली पाहिजे.

पुढची बातमी कोणती असू शकते हे उघड होतं. मला आजोबा व्हायचं होतं. मी कधी तोंडाने बोललो नाही, पण बागेतल्या घसरगुंडीजवळ आलो की माझी चाल आपोआप मंदावते आणि बूट नीट बांधलेला असला तरी मी तो पुन्हा बांधायला खाली बसतो.

तर एका संध्याकाळी कामावरून घरी आलो आणि दारातच थबकलो. दिवाणखान्याच्या मधोमध, फरशीवर, पांढऱ्या चिकटपट्टीने एक लांबट आकृती आखलेली होती. आमच्या खात्यात फरशीवर असली आकृती दिसली की आधी आम्ही वारस कोण आहे ते विचारतो. पण आकृतीच्या दोन्ही बाजूंना बायको आणि सूनबाई गुडघे टेकून बसल्या होत्या आणि दोघी मजेत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"टेबल केवढं हवं ते बघतोय," सूनबाई म्हणाली. ती लोकांच्या घरांची सजावट करून देते, त्यामुळे हा प्रकार तिचाच असणार. "बाबा, जरा सोफ्यावर बसा ना. हं. आता उठून खिडकीपर्यंत चालत जा."

मी गेलो. दोघी माझ्या पायांकडे टक लावून बघत होत्या. सूनबाईने पट्टी उचलून वीतभर आत घेतली. "पुन्हा जा."

मी पुन्हा गेलो. पट्टी आणखी आत आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि बायकोने सुस्कारा सोडला. घराच्या सजावटीत माझंही मत घेतलं जातंय म्हणून मी मनात सुखावलो होतो, पण सुस्कारा कशासाठी ते कळेना. तिथे माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

दुकानात संशय वाढला. मला एक चौकोनी टेबल फार आवडलं होतं. वर काळा दगड, खाली लोखंडी पाय, कोपरे असे धारदार की पेन्सिलीला टोक करून घ्यावं.

"नको," बायको म्हणाली. "कोपरे लागतील."

"कुणाला लागतील?"

दुकानातल्या बाईंनी तिला हळूच काहीतरी विचारलं. बायकोने त्यांच्या कानाशी लागून उत्तर दिलं. बाईंनी माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला उगीचच शर्टाची बटणं तपासावीशी वाटली. मग त्या आम्हाला आतल्या बाजूला घेऊन गेल्या आणि त्यांनी एक बुटकं, लांबट, गुळगुळीत लाकडाचं टेबल दाखवलं. त्याला कोपरा म्हणून नव्हताच.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "काहीही सांडू दे, फडकं फिरवलं की झालं. डोकं आपटलं तरी खोक पडत नाही. आणि वर कुणी चढलं, तरी उलटत नाही."

वर कुणी चढलं तरी! मी कान टवकारले. कुठल्या सभ्य घरात माणसं कॉफीच्या टेबलावर चढतात? (बल्बचा प्रसंग अपवाद समजावा.) डोकं कुणाचं आपटतं? ज्याचं डोकं टेबलाच्या उंचीवर असतं, त्याचं. इतकी वर्षं दावे तपासल्यावर मला एवढंही कळू नये?

टेबल घरी आलं आणि सूनबाई ते सजवायला आली. सोबत चांगली मोठी पिशवी होती. तिने आधी एक लाकडी ट्रे ठेवला. त्याच्या कडा भिंतीसारख्या उंच होत्या. ट्रेमध्ये जाड पुठ्ठ्यांची दोन पुस्तकं, त्यांवर लाकडी वाडगा, बाजूला छोटं रोप. रोपाची कुंडीही रबराची. मी हौसेने आमची काचेची फुलदाणी आणून मध्ये ठेवली. सूनबाईने ती दोन्ही हातांनी उचलली आणि थेट कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

"छान दिसत होती की," मी म्हणालो.

"दिसते छान, बाबा. पण इथे फक्त खाली पडली तरी चालतील अशाच वस्तू ठेवायच्या, असं मी आणि आईंनी ठरवलंय."

"पाडणार कोण?"

सूनबाईने उगाच कुंडी फिरवून ठेवली. तेवढ्यात बायकोने विषय बदलला. "कॉफी घेतेस ना गं?"

"नको आई, सध्या बंद केलीय." असं म्हणून सूनबाई हळूच सोफ्यावर टेकली आणि बायकोने लगबगीने तिच्या पाठीशी उशी दिली.

बस्स! माझ्या दृष्टीने प्रकरण सिद्ध झालं होतं. कोपरे नाहीत, काच नाही, कॉफी बंद आणि पाठीला उशी. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावली. आणि त्याच झाकणांबरोबर रागही आला. म्हणजे याही वेळी सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही!

तरी बायकोला एक संधी दिली. "आपल्या घरात कुणी नवीन येणार आहे का?"

"आलं की. पुढ्यात दिसत नाही का? त्यावरून पाय काढा आधी."

मग मुलाला फोन लावला आणि आवाज शक्य तितका मृदू करून म्हणालो, "तुला मला काही सांगायचंय का? मी रागावणार नाही."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, तुमच्या गाडीला ओरखडा पडलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ओरखड्याचं प्रकरण मी मोठ्या मनाने पुढे ढकललं. मात्र पोटात इतकी मोठी गोष्ट घेऊन बसणं मला जमेना. शेवटी मी माझ्या थोरल्या ताईला फोन केला. सगळे पुरावे क्रमाने सांगितले आणि बजावलं, "ताई, कुणाजवळ बोलू नकोस हं."

"अरे, मी कशाला बोलू?" ती म्हणाली. ते खरंच होतं. ती काही बोलली नाही. ती थेट आली.

रविवारी दुपारी सगळे नव्या टेबलाभोवती बसलो होतो. मुलगा, सूनबाई, बायको आणि मी. बायकोने ट्रेमध्ये कॉफीचे कप मांडले होते. इतक्यात दार वाजलं आणि ताई आत आली. एका काखेत लाकडी झुलता घोडा, दुसऱ्या हातात तिच्या नातवंडांच्या जुन्या कपड्यांचं गाठोडं. आत येताच तिने सूनबाईच्या गालांवरून हात फिरवला. "दमत नाहीस ना गं? आता अवजड काही उचलायचं नाही."

सूनबाईने घोड्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलाने माझ्याकडे पाहिलं. बायकोला कुणाकडेच पाहावं लागलं नाही. तिने नुसते डोळे मिटले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी घसा साफ केला. "तुम्ही कितीही गुप्तता पाळलीत तरी सत्य लपत नसतं. हे टेबल कुणासाठी घेतलंय ते मी ओळखलंय. कोपरे का नाहीत, फुलदाणी वर का गेली, हिची कॉफी का बंद आहे, हे सगळं मला कळलंय. मला आजोबा व्हायचंय रे! मला सांगितलं असतंत तर मी काय नजर लावली असती?"

शेवटी माझा आवाज जरा कापला. सूनबाई अगदी हळू म्हणाली, "बाबा, तसं काही नाहीये. पित्त वाढलंय म्हणून कॉफी सोडलीय. आणि फरशीवर पट्ट्या चिकटवल्यापासून पाठ धरली होती."

"मग ते कोपरे?"

अखेर बायकोच म्हणाली, "अहो, मागच्या टेबलावर तुमच्या नडग्या किती वेळा फुटल्या? कप किती गेले? सोफ्यावरून खिडकीकडे जाताना तुम्ही दर वेळी डावीकडे झुकता. दुकानातल्या बाईंनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी म्हटलं, आहे, पण आता मोठं होण्याची आशा नाही."

मी ताडकन उठलो. या आरोपाला उत्तर द्यायलाच हवं होतं. उठताना गुडघा टेबलाला लागला, हात ट्रेला लागला आणि सगळे कप घरंगळत निघाले. ते ट्रेच्या उंच कडेवर आपटले आणि थांबले. कॉफी ट्रेमध्येच राहिली. एकही कप फुटला नाही. रोप आडवं पडून पुन्हा उभं राहिलं. माझ्या गुडघ्यालासुद्धा काही झालं नाही.

सूनबाईने आनंदाने टाळी वाजवली. "आई, बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?" दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले. मुलगा म्हणाला, "पैसे वसूल." ताईने निमूटपणे आपलं सामान आवरलं. घोडा आणि गाठोडं परत गेलं. फक्त एक लाळेरं तेवढं तिने वेगळं काढून माझ्या खांद्यावर टाकलं. "तुला ठेव," ती म्हणाली, "नाडी लांब करून घे."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसू मनापासून नव्हतं. घोडा दाराबाहेर जाताना मला खरोखर वाईट वाटलं. ते सूनबाईच्या लक्षात आलं असावं. निघताना ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, तशी बातमी असेल तेव्हा पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन. नक्की."

पुढे बरेच महिने गेले. एका सकाळी मी ऑफिसात होतो. समोर बसलेला गृहस्थ आपला फ्रिज वाऱ्याने उडाल्याचं सांगत होता. तेवढ्यात सूनबाईचा फोन आला. "बाबा, बातमी आहे! म्हटलं होतं ना, तुम्हालाच पहिल्यांदा सांगेन. तुम्ही आजोबा होणार!"

मी असा तसा माणूस नाही. पलीकडून मुलाचा हसू दाबल्यासारखा खोकला मी टिपला होता. सगळे मिळून माझी फिरकी घेत होते हे मी क्षणात ओळखलं.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"पुरावा यायला अजून सात महिने लागतील, बाबा."

"मग तेव्हाच दावा दाखल कर," असं म्हणून मी ऐटीत फोन ठेवला आणि फ्रिजवाल्याकडे वळलो.

संध्याकाळी घरी आलो तर दिवाणखाना माणसांनी भरला होता. ताई होती, मुलगा होता. बायकोचे डोळे ओले होते. टेबलावर केक होता आणि तो निम्मा संपलाही होता. मी सूनबाईकडे पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसलो. डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

"पटलं का आता, बाबा?" ती हसत म्हणाली.

"पटलं गं. माफ कर. तू शब्द पाळलास, मलाच पहिल्यांदा सांगितलंस, आणि मी मूर्खासारखा..."

"अहो, माफी कसली? आईंनी सांगितलंच होतं. म्हणाल्या, त्यांना खुशाल आधी सांगून टाक. ते विश्वासच ठेवणार नाहीत, म्हणजे संध्याकाळपर्यंत बातमी कुठे फुटायची नाही."

मी केकचा तुकडा उचलला, तोंडाशी नेला आणि थांबलो. "एक मिनिट. आईंनी सांगितलं होतं... म्हणजे आईंना कधी कळलं?"

सूनबाई पटकन पाणी आणायला आत गेली. मुलगा मोबाईल बघू लागला. बायको म्हणाली, "बघा, सुरू झाले दहा प्रश्न. कपड्यांवर सांडू नका, नीट खा."